मुलीकडे कायमचं जायचं, पण दवाखान्याचं काय?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: जुळे सोलापूर भागातल्या एका वाचकांनी लिहिलं आहे. वय 68, चादरीच्या कारखान्यात हिशेबनीस होते, आता निवृत्त. पत्नी 64 वर्षांच्या. एकुलती एक मुलगी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनजवळ राहते. तिला तिथलं नागरिकत्व मिळालं आहे आणि आता ती आई-बाबांना ग्रीन कार्डावर कायमचं बोलावते आहे. चार वर्षांपूर्वी या वाचकांना पहाटे हृदयविकाराचा झटका आला. सोलापुरातच अँजिओप्लास्टी होऊन दोन स्टेंट बसले. पत्नीला पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे आणि गुडघे दुखतात. मुलीच्या घरापासून वीस मिनिटांवर असलेल्या हॉस्पिटलची माहिती जावयाने पाठवली आहे. सरकारी यादीत त्याला पाचपैकी पाच स्टार आहेत. दर रविवारी सकाळी मुलीचा फोन येतो तेव्हा ती म्हणते, "बाबा, इथली हॉस्पिटलं जगात एक नंबर आहेत, आणखी कशाची वाट बघताय?" वाचक विचारतात: पाच स्टार म्हणजे खरंच चांगलं ना? या वयात तिथल्या हॉस्पिटलच्या भरवशावर जावं का? आणि राहतं घर विकून जावं का?

काका, नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. घर आत्ता विकू नका. बाकीच्या दोन प्रश्नांना वेळ लागेल. निवांत वाचा, आणि काकूंनाही वाचून दाखवा.

जावयांनी पाठवलेले स्टार खोटे नाहीत. मेडिकेअर म्हणजे अमेरिकन सरकारचा, मुख्यतः वयस्कांसाठीचा आरोग्यविमा. त्या विभागाची 'केअर कम्पेअर' नावाची यादी आहे, तिच्यात हॉस्पिटलांना एक ते पाच स्टार देतात. किती रुग्ण दगावले, उपचारादरम्यान जंतुसंसर्ग किंवा इजा किती झाल्या, घरी सोडलेले किती रुग्ण 30 दिवसांत परत दाखल झाले, रुग्णांचा स्वतःचा अनुभव काय आणि उपचार वेळेवर मिळाले का, अशा पाच बाजूंनी ते मोजलेलं असतं. आपल्याकडे एवढा उघड हिशेब मिळत नाही. मिळाला असता तर आपलंही भलं झालं असतं, हे मी मनापासून म्हणते.

पण तुम्ही आयुष्यभर हिशेब लिहिलेत. एकूण बेरजेवर विसंबायचं नसतं, हे मी तुम्हाला काय सांगणार? पाच स्टार ही बेरीज आहे. तिच्या आत हृदयविकार आणि हार्ट फेल्युअर यांचे आकडे वेगळे दिलेले असतात, ते मुलीला उघडून बघायला सांगा. रुग्णांच्या अनुभवाचे स्टारही तिथे वेगळे असतात. डॉक्टरांनी समजेल असं सांगितलं का, नर्सने ऐकून घेतलं का, घरी पाठवताना नीट सूचना दिल्या का, असे प्रश्न त्यात आहेत. काकूंसाठी मला तेच जास्त महत्त्वाचे वाटतात. लीपफ्रॉग नावाची एक बिगरसरकारी संस्था वर्षातून दोनदा हॉस्पिटलांना सुरक्षिततेबद्दल ए, बी, सी अशा श्रेणी देते, तीही पडताळून बघा. आणि तुमच्यासाठी मुख्य चौकशी ही: तिथली कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात तो विभाग, रात्रंदिवस चालू असते का? झटका आलेला रुग्ण दारात आल्यापासून 90 मिनिटांत त्याची बंद रक्तवाहिनी उघडली पाहिजे, असा तिथला मान्य निकष आहे. जवळच्या प्रत्येक हॉस्पिटलात ही सोय असेलच असं नाही.

आता पत्रातल्या एका ओळीकडे येते. तुम्ही लिहिलंय की त्या पहाटे काकूंनी गॅलरीतूनच शेजाऱ्यांना हाक मारली, त्यांनी बनियनवरच गाडी काढली आणि पंधरा मिनिटांत तुम्ही स्ट्रेचरवर होतात. ही ओळ मी दोनदा वाचली. तुम्हाला वाचवलं हॉस्पिटलने, पण तुम्हाला तिथवर कोणी पोचवलं? चांगलं हॉस्पिटल शोधताना आपण इमारत आणि मशीन बघतो. दुखायला लागल्यापासून त्या दारापर्यंतचा रस्ता मात्र हिशेबात धरत नाही, कारण इथे तो रस्ता माणसांनी भरलेला असतो.

तिथे मुलगी-जावई सकाळी आठला बाहेर पडणार, नातू शाळेत. संध्याकाळी सहापर्यंत घरात तुम्ही दोघंच. गॅलरीतून हाक मारून कोणी येणार नाही. तिथे 911 फिरवायचा, जसा आपल्याकडे 108. तेव्हा काकूंना घराचा पूर्ण पत्ता इंग्रजीत पाठ असला पाहिजे. "हार्ट" आणि "मराठी" हे दोन शब्द म्हटले तरी पुष्कळ काम होतं, कारण फोनवर दुभाषी जोडून देण्याची सोय बऱ्याच ठिकाणी आहे. पत्ता मोठ्या अक्षरात लिहून फोनशेजारी चिकटवा. हे किरकोळ वाटेल, पण त्या पहाटेसारखी वेळ पुन्हा आली तर हॉस्पिटलच्या स्टारइतकंच याला मोल आहे.

इमर्जन्सीत पोचलात की तिथे दार बंद होत नाही. 1986 च्या कायद्यानुसार, पैसे असोत-नसोत, विमा असो-नसो, तपासून रुग्णाची प्रकृती स्थिर करणं हॉस्पिटलला बंधनकारक आहे. डिपॉझिट भरल्याशिवाय हात लावणार नाही, असं तिथे होत नाही. पण बिल येतं. मागाहून, टपालाने, आणि कधी कधी तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून.

म्हणून काका, खरा प्रश्न पैशाचा आहे. पत्रात त्याबद्दल एक अक्षरही नाही. मुलीशी पैशाचं बोलायला संकोच वाटत असेल, मी समजू शकते. तरीही बोलावं लागेल.

अमेरिकेत 65 वर्षांवरच्या लोकांना मेडिकेअर मिळतं, हे तुम्ही ऐकलं असेल. ज्यांनी तिथे साधारण दहा वर्षं नोकरी करून कर भरला, त्यांना किंवा त्यांच्या जोडीदाराला त्यातला हॉस्पिटलचा भाग फुकट असतो. तुमचं तसं नाही. ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं राहिल्यावर तुम्हाला तो विकत घेता येतो. 2025 च्या दराने हॉस्पिटलचा भाग महिन्याला 518 डॉलर आणि डॉक्टरांचा भाग 185 डॉलर, माणशी. औषधांचा विमा वेगळा. दात, चष्मा, श्रवणयंत्र यांचा नेहमीचा खर्च मूळ मेडिकेअरमध्ये बसत नाही, आणि म्हातारपणी घरी येऊन अंघोळ घालणारी, जेवू घालणारी बाई ठेवायची तर तिचा पगारही नाही. ही पाच वर्षं पूर्ण होतील तेव्हा तुम्ही 73 चे आणि काकू 69 च्या असाल.

मधल्या पाच वर्षांत काय करायचं, यावर तुमचा निर्णय ठरायला हवा. ग्रीन कार्डधारकांना तिथल्या सरकारी विमा-बाजारातून, म्हणजे मार्केटप्लेसमधून खासगी पॉलिसी घेता येते, आणि आधीपासूनचा आजार आहे म्हणून नाकारता येत नाही. तुमच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. मात्र ती ग्रीन कार्ड मिळाल्यापासून 60 दिवसांत घ्यावी लागते. ती मुदत चुकली तर वार्षिक नोंदणीची वाट बघावी लागते. वयस्कांचा हप्ता तरुणांपेक्षा जास्त असतो. सवलत घरच्या उत्पन्नावर ठरते आणि तिचे नियम बदलत असतात, म्हणून मुलीने त्या आठवड्यातला प्रत्यक्ष भाव काढावा. हप्ता भरूनही वर्षाला ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च आपल्या खिशातून जातो. 2025 मध्ये ती कमाल मर्यादा एका माणसाला 9,200 डॉलर होती. हे सगळे आकडे एका कागदावर मांडा. कारखान्याचा ताळेबंद मांडायचात, तसाच.

आणि पाच स्टारचं ते हॉस्पिटल या पॉलिसीच्या यादीत आहे का, हे विचारा. आपल्याकडे कॅशलेसची यादी असते ना, तसंच तिथे 'नेटवर्क' असतं. यादीबाहेरच्या हॉस्पिटलात ठरवून ऑपरेशन केलं तर सगळा भार अंगावर येऊ शकतो. विमा असेल तर इमर्जन्सीत यादीबाहेर गेलात तरी जादा बिल लावता येत नाही, असा कायदा 2022 पासून आहे, पण रस्त्यावरची अँब्युलन्स त्यात धरलेली नाही. पाच स्टारचं पण यादीबाहेरचं, आणि चार स्टारचं पण यादीतलं, यांत मी डोळे मिटून दुसरं निवडेन.

आता मला स्वतःला सगळ्यात जवळचा वाटणारा भाग, म्हणजे रोजच्या गोळ्या. हॉस्पिटलात माणूस वर्षातून एखाद्या वेळी जातो, गोळी रोज घेतो.

माझी आई काही वर्षांपूर्वी माझ्या भावाकडे अमेरिकेत सहा महिने राहायला गेली होती. रक्तदाबाच्या गोळ्या तीन महिन्यांच्या नेल्या होत्या. पुढच्या तिथे घेऊ, असं सगळ्यांनी धरलं होतं. तिथल्या फार्मसीने आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी चालत नाही म्हणून गोळ्या दिल्या नाहीत. तिथल्या डॉक्टरांची नव्या पेशंटसाठीची वेळ चार आठवड्यांनी मिळाली. आईने कोणाला न सांगता भाजीच्या सुरीने उरलेल्या गोळ्यांचे अर्धे तुकडे करायला सुरुवात केली. सून सकाळी ओट्यावरचा पांढरा चुरा पुसायची, तिला वाटायचं मीठ सांडलंय. शेवटी एका रात्री आईचं डोकं भयंकर दुखायला लागलं आणि इमर्जन्सीत न्यावं लागलं. तिथल्या नर्सने तिला इतक्या मायेने सांभाळलं की आई अजून तिची आठवण काढते. उपचारात काडीची कसर नव्हती. प्रवासी विम्याने मात्र आजार आधीपासूनचा आहे म्हणून पैसे नाकारले, आणि ते बिल भावाने वर्षभर फेडलं.

आपल्या मेडिकलवाल्याला आपण फोनवर "नेहमीच्या पाठव" म्हणतो आणि पोरगा दारात स्ट्रिप देऊन जातो. हे तिथे नाही. तिथे आधी एक नेहमीचा डॉक्टर ठरवावा लागतो, त्याला प्रायमरी केअर म्हणतात. तो चिठ्ठी फार्मसीला पाठवतो, आणि हृदयाच्या किंवा हाडांच्या तज्ज्ञाकडे बहुधा त्याच्यामार्फतच जावं लागतं. त्यात एक शिस्त आहे. तुमचे सगळे रिपोर्ट एका जागी राहतात, पुढची तपासणी कधी आहे याची आठवण येते, दोन डॉक्टरांच्या गोळ्या एकमेकींवर आपटत नाहीत. आपल्याकडे हे राहून जातं. म्हणून मुलीला सांगा की जाण्याच्या दोन महिने आधी, तुमचा विमा घेणारा, नवे पेशंट घेणारा आणि वयस्कांना बघणारा प्रायमरी डॉक्टर शोध. एडिसनच्या आसपास भारतीय वस्ती मोठी आहे, भारतीय डॉक्टरही मिळतील. हॉस्पिटलपेक्षा या एका माणसाची निवड तुमचं आयुष्य जास्त ठरवणार आहे.

गोळ्यांची नावं ब्रँडने लिहू नका, आतल्या औषधाच्या नावाने लिहा. काकूंची जी गोळी तुम्ही पत्रात लिहिली आहे, तिच्यात मेटफॉर्मिनबरोबर विल्डाग्लिप्टिन आहे. हे औषध अमेरिकेत मंजूरच नाही. टेनेलिग्लिप्टिन आणि व्होग्लिबोज या आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या औषधांचंही तसंच. घाबरू नका, तिथे पर्याय आहेत. पण बदललेल्या गोळीवर साखर कशी राहते हे बघायला वेळ लागतो. आत्ताच आपल्या डॉक्टरांना विचारा की तिथे मिळणाऱ्या औषधावर आणता येईल का. आणता आलं तर तीन महिन्यांनी एचबीए1सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, करून मग विमानात बसा. साखर मोजायचं एकक दोन्हीकडे एकच आहे, त्यामुळे तो आकडा तिथल्या डॉक्टरांना जसाच्या तसा कळेल.

गोदरेजच्या कपाटात एका प्लास्टिकच्या पिशवीत तुमची अँजिओग्राफीची सीडी आणि स्टेंटचं छोटं कार्ड असेल. त्यावर स्टेंटचं नाव, माप आणि लॉट नंबर असलेला स्टिकर असतो. त्याची शाई उडत जाते. आजच फोटो काढून मुलीला पाठवा. डिस्चार्ज कार्ड हाताने लिहिलेलं असेल तर डॉक्टरांकडून इंग्रजीत टाइप करून सही-शिक्क्यानिशी घ्या. दाताची कामं इथेच उरका. काकूंच्या गुडघ्यांबद्दल हाडांच्या डॉक्टरांचं मत आत्ता घ्या. ऑपरेशन करायचंच असेल तर ते इथे, बहीण-भावजया उशाशी असताना आणि फिजिओथेरपीवाला घरी येत असताना करून जाणं मला शहाणपणाचं वाटतं.

भाषेबद्दल तुम्ही लिहिलंय, "मी निभावून नेईन, हिला इंग्रजी येत नाही." सोलापूरच्या वॉर्डात एकच सिस्टर एका खाटेवर मराठी, दुसऱ्यावर कन्नड आणि तिसऱ्यावर तेलुगू बोलते. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, इतकी सवय आहे. आपल्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये चीनला गेले ते तिथली भाषा शिकले, कारण दुखणं पेशंटच्या भाषेतच सांगितलं जातं. काकूंना "छातीत कळ" आणि "छातीत जळजळ" यांतला फरक इंग्रजीत सांगता येणार नाही, आणि तो फरक फार मोठा आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या अमेरिकन हॉस्पिटलांनी दुभाषी फुकट द्यायचा असतो. वेळ घेतानाच "मराठी दुभाषी हवा" असं मुलीने सांगून ठेवावं. दर वेळी मुलीलाच दुभाषी करू नका. आईच्या पोटाच्या खालच्या तक्रारी आई जावयासमोर किंवा मुलीसमोर बोलणारच नाही.

आता सोलापूरबद्दलही खरं बोलू. मला हे गाव प्रिय आहे, पण ते सोडवत नाही म्हणून इथलं सगळं चांगलं, असं मी म्हणणार नाही. अवघड ऑपरेशन निघालं की आपल्यातले कितीतरी जण फाइल काखेत मारून पुण्याची किंवा हैदराबादची गाडी पकडतात. मुलगी सात समुद्रांपार असताना त्या धावपळीत तुमच्यासोबत कोण असेल? पुढच्या दहा वर्षांत शेजारीही म्हातारे होणार. मुलीच्या हट्टामागची भीती ही आहे आणि ती खोटी नाही. तुमच्या दोघांपैकी एकजण मागे राहिला तर काय, हा प्रश्न तिला झोपू देत नसणार. त्याचं उत्तर तुमच्याकडेही हवं.

म्हणून आधी जाऊन बघा, असं मी सुचवते. ग्रीन कार्डाचा अर्ज भरण्याआधी व्हिजिटर व्हिसावर चार-पाच महिने जा, कारण अर्ज भरल्यावर तो व्हिसा मिळणं अवघड होऊ शकतं. विमा असा घ्या की आधीच्या आजारातून अचानक उद्भवलेल्या त्रासाला काही रक्कम मिळेल, आणि त्या शब्दांचा नेमका अर्थ लेखी मागा. जानेवारी त्यात धरा. गड्ड्याची जत्रा एक वर्ष चुकेल, पण बर्फ घसरडा झालेल्या पायवाटेवर काकूंचे गुडघे काय म्हणतात हे जूनमध्ये कळत नाही. पैसे देऊन एकदा प्रायमरी डॉक्टरला दाखवून या. गाडी नसताना, मुलगी ऑफिसात असताना, फार्मसीपर्यंत तुमचे तुम्ही पोचता का, ते बघा. पोचता येत नसेल तर गोळ्या घरपोच मागवायला शिका.

वर्षातले सहा महिने इथे, सहा तिथे, असं ग्रीन कार्डावर जमेल असं धरू नका. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर प्रश्न विचारतात, वर्षाच्या वर गेलात आणि आधी परवानगी काढली नसेल तर कार्डच धोक्यात येतं. मेडिकेअरची पाच वर्षंही सलग वास्तव्याचीच मोजतात. येऊन-जाऊन राहायचं असेल तर व्हिजिटर व्हिसा बरा.

इथला आरोग्यविमा असेल तर तो काहीही झालं तरी चालू ठेवा. एकदा खंड पडला आणि परत आल्यावर नवा घेतला, तर आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. इथेच राहायचं ठरलं, तर 70 पूर्ण झाल्यावर आयुष्मान भारतचं पाच लाखांचं संरक्षण उत्पन्नाची अट न घालता मिळतं. ऑक्टोबर 2024 पासून ते लागू आहे. तुम्हाला दोनच वर्षं उरली.

ज्या वाचकांची मुलं दुसऱ्या देशांत आहेत, त्यांच्यासाठी दोन ओळी. कॅनडाच्या सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा खासगी आरोग्यविमा आधी दाखवावा लागतो, आणि आधीच्या आजारांबद्दल त्यात काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय पैसे भरू नका. ब्रिटनने आई-वडिलांना कायमचं नेण्याचे नियम 2012 पासून इतके कडक केले आहेत की तिथल्या हॉस्पिटलांची चौकशी करण्याआधी व्हिसाच्या वकिलाला भेटावं.

काका, शेवटची एक गोष्ट. तुमच्या चार पानी पत्रात तुमचं मत आहे, मुलीचं आहे, जावयांचं आहे. काकूंची साखर आहे, गुडघे आहेत, पण त्यांना जायचंय का, हे कुठेच नाही. बेशुद्ध झालात तर तुमच्या वतीने निर्णय कोणी घ्यायचा, याचा कागद तिथे करून ठेवतात. तो करण्याआधी तरी त्यांना काय हवंय ते कळायला हवं. येत्या रविवारी मुलीचा फोन येईल तेव्हा काकूंना स्वयंपाकघरातून बाहेर बोलवा, फोन स्पीकरवर टाका, आणि पहिलं बोलणं त्यांना करू द्या.